पोच घ्यायला शिकवणारं दुकान, साडेचार स्टार

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, दुकान चालवणाऱ्या ताईंनीच सांगितलंय की नाव टाकू नको, आधीच सोमवारी बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा नसते. रायगड जिल्ह्यात, आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडमागे, वडापाववाल्याच्या गल्लीत तिसरा गाळा, बाहेर निळ्या पत्र्याची शेड आणि शेडखाली लाकडी बाकडं, आमच्याकडच्या माणसाला एवढ्यात कळेल. आत दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशन, अंगठ्याचं मशीन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला पांढरा पडदा. सरकारमान्य केंद्र आहे, दाखले निघतात, आमच्याकडे अजून सगळे त्याला सेतूच म्हणतात.

मी कातकरी आहे. माझ्याकडे आज जात वैधता प्रमाणपत्र आहे, आमच्या वाडीतलं ते पहिलं, आणि ते या दुकानामुळे आहे, म्हणून रिव्ह्यू लांब होणार.

आधी रेट सांगते कारण आमच्या लोकांना तेच पहिलं माहीत पाहिजे. झेरॉक्स २ रुपये, लॅमिनेशन २०, आठ फोटोंचे ५०. दाखल्याला पावतीवर जेवढे असतात तेवढेच. माझ्या वेळी फी ३३ रुपये ६० पैसे होती, ताईंनी ३४ घेतले आणि पावती हातात दिली. ही पावती मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, कारण त्याआधी बारावीनंतर मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, तिथे जातीच्या दाखल्याचे १५०० सांगितले, बापूस तेव्हा वीटभट्टीवर होता, त्याने शेठकडे आणखी उचल मागून ते पैसे पाठवले, आणि तिथला माणूस तीन महिने मला उद्या ये, सोमवारी ये, साहेब सुट्टीवर आहेत असं सांगत राहिला, शेवटी कळलं की अर्ज भरलाच नव्हता. पावती मागायची असते हे मला माहीत नव्हतं, बापसाला नव्हतं, वाडीत कुणालाच नव्हतं. वर दरवाज्यातून आत आले की म्हणायचा ए कातोडणी, बाहेर थांब जरा. माझं ते वर्ष गेलं. १५०० रुपये म्हणजे भट्टीवर किती विटा होतात ते बापसाला विचारा, तो अजून मोजून सांगतो.

या ताईंकडे मला आजी घेऊन गेली, तिला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. आजी सवयीप्रमाणे पायरीखाली जमिनीवर बसली. ऑफिस असो, दवाखाना असो, ती खुर्चीवर बसत नाही, बाकडं रिकामं असलं तरी बसत नाही, कारण लहानपणापासून कुणी ना कुणी उठवलंय. ताई काउंटरवरून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आजी वर बसा, जमीन तापलीय. तुम्ही-आम्ही करून बोलल्या. आजीने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं तिला कळेना की हे नक्की कुणाला म्हणताहेत. मग बसली, अगदी टोकावर. आता ती मधोमध बसते.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, चांगली होती, तिच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. तिला कसलाही दाखला लागला की घरी संध्याकाळी काका यायचे, काका पंचायत समितीत, ते एक फोन लावायचे आणि कुठल्या टेबलाला कधी जायचं, कुठला कागद राहिलाय, सगळं तिला चहा पिता पिता कळायचं. तिला ते काही विशेष वाटायचंच नाही, घरात पंखा असतो तसे काका होते. बीएला समाजशास्त्रात सरांनी सामाजिक भांडवल, सांस्कृतिक भांडवल असे शब्द फळ्यावर लिहिले, की पैसा सोडून ओळखीपाळखी हीसुद्धा संपत्तीच असते आणि कसं बोलायचं, कसं वागायचं, काय माहीत असायचं हीसुद्धा, तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता आणि माझ्या डोळ्यासमोर तिचे काका आले. आमच्या घरात तहसील कचेरीत काम करणारं कुणी सोडा, तहसील कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलेलंही कुणी नव्हतं.

तर या दुकानात पैशाने काय मिळतं ते वर लिहिलं. फुकट जे मिळतं ते म्हणजे ते काका.

वैधतेची गोष्ट नीट सांगते, पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली ती ६ सप्टेंबर १९५० ला. त्यामुळे नोकरी किंवा मोठ्या कोर्सला वैधता लागली की त्या तारखेच्या आधीचा, घराण्याचं गाव आणि जमात दाखवणारा कागद असला तर केस भक्कम होते. आता १९५० च्या आधीचा कागद कातकऱ्याकडे कुठून येणार? शाळा नाही म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही, घर दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत म्हणून घराचा उतारा नाही. आमचे लोक खैराचा कात काढायचे, त्यावरून तर नाव पडलं, पुढे जंगल बंद झालं तसे कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, मग वीटभट्ट्यांवर, दिवाळीनंतर अख्खी वाडी रिकामी आणि पावसाच्या तोंडाशी परत. ज्यांच्या पणजोबांना शाळा मिळाली त्यांच्या घरात ट्रंकेत पणजोबांचा दाखला निघतो. म्हणजे आम्ही मागे राहिलो हे सिद्ध करायला जो कागद लागतो, तो मागे न राहिलेल्यांच्याच घरात असतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, त्या लाकडी बाकड्यावर बसून समजलंय.

ताईंनी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी वही काढली आणि आजीला विचारत बसल्या, सासऱ्यांचं नाव काय, ते आधी कुठल्या वाडीत होते, ती वाडी कुठल्या गावाच्या हद्दीत, तिथून का उठले. अर्धा तास, मागे गिऱ्हाईक उभं. आजी कातकरीत बोलत होती, मी मराठीत सांगत होते. मग त्या म्हणाल्या, त्या गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही बघायची, कोतवाल बुक म्हणतात त्याला, गाव नमुना १४, त्यात तेव्हा जात लिहायचे, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मिळेल. अर्ज टाईप करून दिला, अमुक गावच्या अमुक ते अमुक सालच्या नोंदी पाहून प्रमाणित नक्कल मिळावी.

आणि मग एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, खिडकीवर गेलीस की साहेब जरा बघता का असं विनवत बसू नको. अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची, त्याला पोच म्हणतात, पोच मिळाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ओरडायचं नाही, रडायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

मी घरी येताना एसटीत हाच विचार करत होते. आमच्याबद्दल गावातली माणसं नेहमी म्हणायची, यांना पोच नाही. अक्कल नाही या अर्थाने. शाळेत म्हणायचे, हॉस्टेलला म्हणायचे. आणि खरंच आम्हाला पोच नव्हती, आजपर्यंत आमच्या एकाही अर्जावर कुणी शिक्का मारून दिला नव्हता.

खिडकीवर पहिल्या दिवशी मी पाऊण तास उभी राहिले. पाय कापत होते. पोच मिळाली. ती मी अजून ठेवलीय.

रेकॉर्ड रूमला चार खेपा झाल्या. वह्या मोडी लिपीत. मोडी आम्हाला कुठून वाचता येणार, पण ताईंच्या ओळखीचे एक रिटायर गुरुजी आहेत, ते मोडी वाचतात, ते तिसऱ्या खेपेपासून आमच्यासोबत आले, एसटीच्या तिकिटापलीकडे काही घेतलं नाही. चौथ्या खेपेला नोंद सापडली. १९३८ सालची, मृत्यूची. मुलगी, वय दोन वर्षं, कारण ताप, बापाचं नाव म्हणून माझ्या पणजोबांचं नाव आणि पुढे जात कातोडी, म्हणजे कातकरीच. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा पणजोबांचं नाव लिहिलेलं बघितलं. आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना कागद म्हणजे एका दोन वर्षांच्या पोरीच्या मरणाची नोंद आहे, आणि त्या पोरीमुळे मला वैधता मिळाली. तिचं नाव नोंदीत नाहीये, नुसतं मुलगी लिहिलंय. आजी म्हणाली, माझी सासू कधीकधी झोपेत एका पोरीचं नाव घ्यायची, आम्ही विचारलं की गप्प व्हायची.

नक्कल मिळाल्यावर रीतसर लिप्यंतर वगैरे करून घेतलं, ते सगळं कुठे करायचं तेही ताईंनीच सांगितलं. त्यांनी त्या पानाची एक जास्तीची झेरॉक्स काढून आजीसाठी लॅमिनेट केली. लॅमिनेशनचे २० रुपये घेतले. मला हे फार आवडलं, ते २० रुपये घेतले ते. आम्ही तिथे गिऱ्हाईक आहोत.

पुढे वैधता देणाऱ्या पडताळणी कमिटीकडून गृहचौकशी झाली, मग प्रश्न झाले. देव कुठले, लग्न कसं लागतं, मयताचे विधी काय, बोलीत हे कसं म्हणता, ते कसं म्हणता. मी पहिलीपासून आश्रमशाळेत. आश्रमशाळेत कातकरी बोललं की नीट बोल म्हणून हातावर पट्टी बसायची, मी सात-आठ वर्षांची असतानाच बोलायची बंद झाले. कॉलेजच्या हॉस्टेलला आमच्याकडे घुशी खातात, उंदीर खातात यावरून मुली नाक धरायच्या, मग मी सांगायला लागले की आम्ही माळकरी, वाडीत कुणाला न्यायची नाही, आईस भेटायला आली तर गेटवरच भेटायचे. आईस समजून जायची, पिशवी द्यायची आणि लगेच फिरायची. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, कातकरी असल्याची नाही, त्या गेटची. तर बारा-पंधरा वर्षं जे झाकायला शिकले, तेच टेबलापलीकडच्या माणसाला बोलून दाखवायचं होतं, आणि मला लग्नातलं गाणं आठवेना. आजीला सगळं येतं, बाहेरच्या बाकड्यावर बसली होती, तिला कुणी आत बोलावलं नाही.

त्या रात्री मी ताईंना फोन केला, साडेनऊ वाजले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुप्रीम कोर्टाच्या २४ मार्च २०२३ च्या निकालाची पानं काढून ठेवली होती, ठाकूर जमातीच्या संघटनेने महाराष्ट्र शासनाविरुद्ध नेलेली केस, त्यात कोर्टाने म्हटलंय की ही रीतिरिवाजांची, अ‍ॅफिनिटीची चाचणी म्हणजे लिटमस टेस्ट नाही, आणि १९५० च्या आधीच्या कागदांना जास्त वजन आहे. एवढंच पेनाने अधोरेखित केलेलं. त्यांनी मला वकील करून दिला नाही की कुणाला फोन लावला नाही, कुठलं वाक्य जोडायचं ते सांगितलं आणि अर्जाला जोडून दिलं. अजून एक म्हणजे त्यांनी मला सांगितलं की आजीकडून गाणी लिहून घे, कमिटीसाठी नाही, अशीच. आता आठ झालीत. आठव्या गाण्याच्या मध्येच आजी थांबली आणि म्हणाली, तू बोलतेस की गं अजून.

वैधता आली.

आता रोजच्या कामाबद्दल, कारण वैधता काय रोज कुणाला लागत नाही. आमच्या लोकांचे अंगठे उमटत नाहीत. माती मळून, विटा थापून बोटांवरच्या रेषाच जातात, कोळशावाल्यांच्या तर अजिबात नाही. रेशनवर अंत्योदयचं ३५ किलो धान्य त्या अंगठ्यावर आहे. इतर ठिकाणी एकदा ठेवतात, एरर आला की पुढचा. ताईंकडे काउंटरला ओला रुमाल आणि व्हॅसलीनची डबी असते, हात धुवायला लावतात, पुसतात, दहाही बोटं लावून बघतात आणि कुठलं बोट चाललं ते कार्डाच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून देतात. आजीच्या कागदावर लिहिलंय, डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. ती रेशन दुकानात सरळ तेच बोट पुढे करते.

दुसरं, मोबाईल नंबर. आमच्या वाडीतल्या कितीतरी जणांच्या आधारला भट्टीवाल्या शेठचा किंवा मुकादमाचा नंबर जोडलेला निघाला, कारण आधार काढलं तेव्हा कुणाकडे फोनच नव्हता. ओटीपी जातो त्याच्याकडे. म्हणजे योजनेचा अर्ज करायचा तरी त्याला विचारा, बँकेचं काही करायचं तरी त्याला विचारा, उचल फिटली नसेल तर तो फोन उचलत नाही. ताईंनी हे सगळ्यात आधी पकडलं. नंबर बदलणं त्यांच्याकडे होत नाही, त्यासाठी आधार केंद्रावर जायचं, पण तिथे जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, स्वतः जाऊन अंगठा दिला की होतं, हे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती आणि राज्यातल्या आदिवासींची ६५.७, त्यात कातकरी आणखी मागे, तेव्हा नुसती भिंतीवर पाटी लावून भागत नाही हे ज्याने त्याने ओळखावं.

तिसरं म्हणजे नावं. आमच्यात वारावरून नावं असतात, बुध्या, सोमी, शनवार. आधारवर एक, रेशनवर दुसरं, शाळेत गुरुजींनी स्वतःच्या मनाने सुधारून तिसरं. जन्मतारीख सगळ्यांची १ जून. एका अक्षरासाठी माणसाचा हप्ता अडकतो. नोव्हेंबर २०२३ ला पीएम जनमन योजना आली, महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींसाठी, कागद काढायची शिबिरं झाली, चांगलं झालं, पण शिबिर दिवसभराचं आणि आमची माणसं तेव्हा नेमकी भट्टीवर. उरलेले सगळे या दुकानात आले. ताईंनी वाडीनिहाय वही केलीय, कोण कुठल्या भट्टीवर आहे, कधी परत येणार, काय राहिलंय.

कमी काय आहे तेही सांगते. पायरी फार उंच, म्हाताऱ्यांना हात द्यावा लागतो. जवळ बायकांसाठी बाथरूम नाही, आणि पंचवीस किलोमीटरवरून आलेली बाई चार तास थांबते, ही छोटी तक्रार नाही. रेटचा बोर्ड लहान अक्षरात आहे. दुपारी ताई जेवायला जातात तेव्हा एक पोरगा बसतो, त्याला काम येतं पण बायकांना ए मामी पटकन सांग म्हणतो, बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करतो. अर्धा स्टार त्याच्यामुळे कापलाय. ताईंना तोंडावर सांगितलं मी, त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं त्यांना.

आणि सगळ्यात मोठं, सगळं एकट्या ताईंवर आहे. मागच्या वर्षी त्या पंधरा दिवस आजारी होत्या, दुकान बंद, त्या पंधरा दिवसांत आमच्या वाडीतल्या तीन घरांचं रेशनचं केवायसी राहिलं आणि महिनाभर धान्य बंद झालं. मैत्रिणीचे काका रिटायर झाले तर दुसरे काका आहेत, मामा आहेत, मामांचे साडू आहेत. आमच्या चौदा वाड्यांना मिळून एक बाई, ती आदिवासीसुद्धा नाही, आणि तिला ताप आला की चुली थंड. याचा दोष मी त्यांना देणार नाही, पण रिव्ह्यू लिहायचा तर हे लिहिल्याशिवाय कसं चालेल. जे ज्ञान एका वहीत आणि एका डोक्यात आहे ते आमच्या पोरींच्या डोक्यात यायला पाहिजे, आणि लवकर यायला पाहिजे.

ते थोडं सुरू झालंय. दिवाळीपासून दर सोमवारी शेजारच्या वाडीतली एक मुलगी काउंटरला बसते, दहावी झालेली, कातकरी. ती म्हाताऱ्यांशी कातकरीत बोलते. मी गेल्या सोमवारी तिथेच होते. एक म्हातारा आला, नेहमीप्रमाणे पायरीखाली उकिडवा बसायला लागला, तिने आतूनच बोलीत हाक मारली, तो चमकून उभा राहिला आणि तिच्या आईसचं नाव, वाडीचं नाव, आजाचं नाव विचारत काउंटरपर्यंत गेला. कागद काय आणलाय हे पाच मिनिटांनी निघालं. त्याचा अर्ज झाल्यावर ती म्हणाली, बाबा, हा शिक्का बघ, ही पोच, ही कुणाला द्यायची नाही, अगदी मागितली तरी झेरॉक्स द्यायची. सेम ताईंचं वाक्य.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, अकरानंतर सर्व्हर लटकतो. ओरिजिनल कागद आणा, दाखवून परत मिळतात. एजंटला सोबत आणू नका, ताई बाहेर काढतात. गुरुवारी बंद. कातकरीत बोलायचं असेल तर सोमवारी जा. आजीचा नंबर अजून मुकादमाच्याच नावे आहे, आम्ही उद्या आधार केंद्रावर जातोय, तिचं करंगळीशेजारचं बोट तिथे चालतंय का ते बघायचंय.